मेन्यूकार्डावरचा उपवास

इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, आल्यावर मी पहिला अम्हारिक शब्द शिकले तो 'त्सोम'. नमस्कार, आभार वगैरे मागाहून. हॉटेलात गेलीस की 'त्सोम आहे का?' एवढं विचार, असं कुणीतरी सांगून ठेवलं होतं. त्सोम म्हणजे उपवास. इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपवासाला मांस, अंडी, दूध, लोणी सगळं वर्ज्य. म्हणजे त्या दिवशी जे शिजेल ते माझ्यासारख्या शाकाहारी बाईला डोळे मिटून चालतं. परातीएवढ्या इंजेऱ्यावर, म्हणजे इथल्या आंबवलेल्या पिठाच्या मऊ धिरड्यावर, मसूरडाळ, पालेभाजी, कोबी-बटाटा आणि मधोमध शिरो. नाव शिरो असलं तरी गोड नाही हं, आपल्या पिठल्याचा चुलतभाऊ! या ताटाला बेयायनेतू म्हणतात. आपल्याकडे उपवासाला डाळ चालत नाही, इथे उपवास म्हटला की डाळच. बुधवार-शुक्रवार आले की मी खूश. एकादशी, दुप्पट खाशी!

येशूला पकडून देण्याचा कट शिजला तो बुधवार आणि त्याला क्रूसावर चढवलं तो शुक्रवार, म्हणून हे दोन वार. शिवाय ख्रिसमसआधीचे 43 दिवस, ऑगस्टमध्ये मरियेचे 15, आणखीही काही. सगळे धरले तर सामान्य माणसाचेही वर्षाला 180 च्या वर भरतात. सगळ्यात मोठा हुदादे, ईस्टरआधीचा, 55 दिवसांचा. येशूने अरण्यात केले ते 40, दुःखभोगाच्या आठवड्याचे 7, आणि सुरुवातीचे 8 चक्क हेराक्लियस नावाच्या बायझंटाइन सम्राटाच्या नावाचे. इराण्यांनी नेलेला क्रूस त्याने लढून परत आणला, म्हणून. सातव्या शतकातल्या एका लढाईपायी आमच्या गल्लीतलं खाटकाचं दुकान आजही बंद राहतं, याची मला फार गंमत वाटते.

आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या. सगळे त्यांना एमामा म्हणतात, मीही. हुदादेत एकदा सकाळी अकराच्या सुमारास मी कौतुकाने त्यांच्यासाठी डाळ घेऊन गेले. त्यात लोण्याचा थेंब नव्हता, हे मोडक्यातोडक्या भाषेत तीनदा सांगितलं. त्यांनी वाटी घेतली, झाकली आणि म्हणाल्या, "नऊ वाजता." इथलं घड्याळ सूर्योदयापासून चालतं, त्यांचे नऊ म्हणजे आपले दुपारचे तीन. तोवर पोटात काही नाही, पाणीसुद्धा नाही. मेन्यूकार्डावरच्या त्सोममध्ये हा भाग नव्हता. आजारी माणसांना आणि लहान मुलांना सूट असते. सत्तरीच्या बाईने ती घेतली नव्हती.

पहाटे चर्चचा भोंगा सुरू झाला की त्या उठतात. पांढरा नेतेला, म्हणजे सुती ओढणी, डोक्यावरून घेऊन पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहतात. हातात दावित, म्हणजे स्तोत्रांचं पुस्तक, कडा हाताळून काळ्या झालेलं. रोजचा भाग ठरलेला, त्यात खंड नाही. (पाण्याच्या टाकीवरून शेजारणीशी होणाऱ्या भांडणातही नाही. हुदादेत फक्त आवाज खाली येतो.)

गुड फ्रायडेला, म्हणजे सिक्लेतला, त्यांच्याबरोबर चर्चला गेले. दारातच चपला काढल्या. मी खाऊन आले होते, त्यामुळे आत न जाता आवारात झाडाखाली उभी राहिले. तिथेही शेकडो माणसं, सगळी पांढऱ्यात. 'एग्झिओ मेहारेने क्रिस्तोस', हे ख्रिस्ता, आमच्यावर दया कर. प्रत्येक वेळी गुडघे, तळवे, कपाळ जमिनीला, की पुन्हा ताठ उभं. याला स्ग्दत म्हणतात आणि हे दिवसभर चालतं. मीही करून पाहिले. तिसाच्या पुढे मोजणं सोडलं, चाळिशीत मांड्यांनी मला सोडलं. एमामा माझ्यापुढेच होत्या. उठताना त्यांचा डावा गुडघा कटकन वाजायचा. त्या क्षणभर थांबायच्या, पदर सारखा करायच्या, की पुन्हा खाली.

संध्याकाळी पाद्री ऑलिव्हच्या डहाळ्या घेऊन उभे राहिले. एकेकाने पुढे जाऊन वाकायचं, पाठीवर डहाळीचे हलके फटके घ्यायचे आणि कबुली द्यायची. मग आणखी किती स्ग्दत घालायचे तो आकडा पाद्री सांगतात. एमामांना किती मिळाले ते मी विचारलं नाही. घरी येताना त्यांच्या कपाळावर मातीचा रुपयाएवढा ठसा होता.

शनिवारची मध्यरात्र उलटली आणि फासिका, म्हणजे ईस्टर, लागला. तीनच्या सुमारास दारावर थाप. एमामा चर्चहून आल्या होत्या. त्यांच्या खोलीत कोंबडीचा रस्सा, उकडलेली अंडी, सगळं घर जमलेलं. माझ्यापुढे मात्र वेगळं ताट आलं: डाळ, शिरो, पालेभाजी. सणाच्या रात्री त्यांनी माझ्यासाठी उपवासाचा स्वयंपाक केला होता.

मी पहिला घास घेतला. एमामा माझ्याकडे बघत होत्या. वर्षभर मी फक्त त्सोमच खाते हे त्यांनी बरोबर टिपलं होतं.

"पोरी," त्या काळजीने म्हणाल्या, "तुझा फासिका कधी असतो?"