उजवीकडे म्हणजे नक्की कुणाच्या?

आज रंगीत तालमीत पहिल्यांदाच प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणारं सामान, सांभाळली. दिग्दर्शक ओरडले, "खुर्ची स्टेज राइटला!" मी प्रेक्षागृहाकडे पाठ करून उभी, त्यामुळे खुशाल माझ्या उजवीकडे नेऊन ठेवली. पुढच्या ब्लॅकआउटमध्ये नायक तिच्यावरच धडकला. स्टेजवरचं उजवं-डावं प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या नटाचं असतं, हे त्याच्या किंकाळीतून कळलं. अपस्टेज म्हणजे मागची बाजू, हेही आजचंच ज्ञान. पूर्वी रंगमंच मागे चढता असायचा, म्हणून ते नाव. मग गुडघ्यांवर बसून खुर्चीच्या चारही पायांच्या जागी अंधारात चमकणाऱ्या टेपचे बारके तुकडे चिकटवले. निघताना नायक विंगेतून म्हणतो कसा, "उद्या खुर्ची कुणाच्या उजवीकडे?" खवचट मेला!