टेक्सासच्या यादीत विज्ञान नाही

टेक्सासमध्ये मुलांना घरी शिकवायचं तर राज्याकडे नोंद करावी लागत नाही. मूल सरकारी शाळेतून काढत असाल तर शाळेला एक पत्र द्यायचं, एवढंच. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र हे पाच विषय शिकवले की कायद्याचं समाधान. यादी पुन्हा वाचा. विज्ञान नाही! 1994 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलेली चौकटही हीच. अंतराळवीरांना सूचना देणारं नासाचं केंद्र ज्या राज्यात, तिथे विज्ञान ऐच्छिक. सांगलीत सातवीच्या पोराचा विज्ञानाचा एक तास बुडाला तरी आई क्लासच्या सरांना फोन लावते.

तरी होमस्कूल करणाऱ्या ख्रिस्ती घरांमध्ये विज्ञान अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नसतं. ते पुढे ढकललेलं असतं. 'पुढच्या वर्षी चांगलं पुस्तक घेऊ' हे इथलं ठरलेलं वाक्य, आणि मिरजेहून इथे आलेल्या घरांतही ते रुजलंय. मागे दोन भीती असतात: पुस्तकात श्रद्धेला धक्का लावणारं काही निघालं तर, आणि मलाच काही येत नाही तर.

पहिल्या भीतीबद्दल मिरजकरांना काय सांगायचं? 1894 साली तिथे मिशन हॉस्पिटल उभं राहिलं, प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच आवारात. वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकता उलगडणारा मेंडेल मठातला होता. विश्व प्रसरण पावतंय हे 1927 साली गणितानं मांडणारा लमेत्र धर्मगुरू होता. पुस्तक घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. इथल्या बाजारात पृथ्वी काही हजार वर्षांची मानणारी, अब्जावधी वर्षांची मानणारी आणि धर्माचा विषयच न काढणारी अशी तिन्ही तऱ्हेची पुस्तकं मिळतात. मुखपृष्ठावरून फरक कळत नाही. पृथ्वीचं वय, जीवाश्म आणि माणसाची उत्पत्ती ही तीन प्रकरणं आधी वाचा. घराचं मत काहीही असो, शास्त्रज्ञ काय म्हणतात आणि कशावरून म्हणतात, हे मुलाला नीट सांगा. एपी बायॉलॉजीत, म्हणजे शाळेतच घ्यायच्या कॉलेजच्या तोडीच्या जीवशास्त्रात, उत्क्रांती हा कणाच आहे. ती लपवली तर पंचाईत मुलाचीच.

दुसरी भीती मोठी, आणि तिच्यावर इलाज मेणबत्तीचा. पसरट ताटलीत एक सेंटिमीटर पाणी घ्या, खायचा रंग टाका. कणकेच्या गोळ्यात मेणबत्तीचा तुकडा रोवून मधोमध ठेवा आणि पेटवून वरून काचेची बरणी पालथी घाला. ज्योत विझते, पाणी आत चढतं. का? ऑक्सिजन जळून गेला, हवेत तो 21 टक्के, म्हणून पाणी पाचवा हिस्सा चढलं. हे उत्तर आपल्याकडे छातीठोकपणे सांगितलं जातं, इथेही सांगितलं जातं. आणि ते चूक आहे.

नीट बघा. ज्योत जळत असताना पाणी जेमतेम हलतं. कधी बरणीच्या काठाखालून बुडबुडे बाहेर येतात. खरी चढाई ज्योत विझल्यावर, झपाट्यानं होते. तापलेली हवा फुगून थोडी निसटलेली असते, उरलेली गार होऊन आक्रसते, वाफेचं पाणी होतं आणि बाहेरच्या हवेचा दाब ताटलीतलं पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन तर सगळा संपतही नाही. तो साधारण 16 टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो जागा अडवतोच.

ताळा घ्यायला त्याच बरणीखाली आधी एक, मग तेवढ्याच उंचीच्या तीन मेणबत्त्या लावा. प्रत्येक प्रकार तीनदा करा, पातळीवर मार्करनं खूण करा. तीन मेणबत्त्यांना पाणी जास्त चढतं. बरणीत ऑक्सिजन तर तेवढाच होता! पाणी चढलंच नाही, तर बरणीचा काठ ताटलीला घट्ट बसलाय. काठाखाली तीन नाणी सरकवा, फक्त काठ पाण्यात बुडालेला हवा. दरवेळी आकडा वेगळा येतोय? मग कधी बरणी सावकाश खाली आणली गेली असेल, म्हणजे गरम हवा जास्त साठली. हे आपणहून सांगू नका, मुलाला शोधू द्या. प्रत्येक खेपेआधी बरणी गार करून पुसा. केस बांधा, मोठं माणूस शेजारी हवंच.

ज्या आईला उत्तर माहीत नाही, ती इथे चुकीचं उत्तर पाठ असलेल्या मास्तरापेक्षा पुढे असते. 'माहीत नाही, मोजून बघू' एवढं म्हणता आलं तरी पुरे. आपल्या प्रयोगवह्यांत रीडिंग मागच्या बॅचच्या वहीतून उतरायचं, हे कोणाला माहीत नाही? तरी आपल्याकडे ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडायची काचेची नळी, हातात यायची हो. इथल्या घरात ती नसते, आणि म्हणूनच वहीत खोटं लिहायचं कारणही नसतं. वहीत तारीख, काय केलं, आकडे आणि काय फसलं एवढं लिहा. बरीच विद्यापीठं प्रवेशाला प्रयोगांसह विज्ञान मागतात. तेव्हा ही वही उपयोगी पडते.

आम्ल-आम्लारीसाठी महागडा संच मागवू नका. सांगलीची हळद सामानातून आलेली असतेच. एक छोटा चमचा हळद 50 मिली रबिंग अल्कोहोलमध्ये (औषधांच्या दुकानात मिळणारं स्पिरिट) पंधरा मिनिटं ठेवा, जवळपास गॅस पेटलेला नको. कॉफीच्या फिल्टरमधून गाळा, फिल्टरच्याच पट्ट्या कापून त्यात बुडवून वाळवा. पाण्यात करू नका. हळदीतला कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात पट्टी लालभडक होते, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. खायच्या सोड्यात रंग फिका येतो. हा सोडाच सौम्य आहे, प्रयोग बिघडलेला नाही. लिंबू आणि साधं पाणी यांतला फरक मात्र हळद दाखवत नाही, दोन्हीत पिवळीच राहते. त्याला जांभळ्या कोबीचं पाणी लागतं. तयार पट्ट्या डब्यात, अंधारात ठेवा. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडलाच, तर धुऊन तो उन्हात टाका.