चार ग्रंथी आणि माझं कॅल्शियम

थायरॉईडची गाठ श्वासनलिकेवर दाबायला लागली होती, म्हणून पूर्ण थायरॉईड काढायचं ठरलं. ऑपरेशनआधी सर्जननी कागदावर थायरॉईडचं चित्र काढलं आणि त्याच्या मागे चार ठिपके दिले. "या पॅराथायरॉईड. एकेकीचं वजन जेमतेम ३० ते ५० मिलिग्रॅम. त्यांना आम्ही हात लावत नाही, पण त्यांचा रक्तपुरवठा फार नाजूक असतो. काही दिवस त्यांचं काम मंदावू शकतं. ओठांभोवती मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं." माझं सगळं लक्ष आवाज जाईल का, याच काळजीत होतं. पण हे शेवटचं वाक्य लक्षात राहिलं, आणि तेच कामी आलं.

ऑपरेशन नीट झालं, आवाजही शाबूत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ओठांच्या कडेला मुंग्या सुरू झाल्या, मग बोटांच्या टोकांना. मी बेल दाबली. भीतीने श्वास भरभर चालू झाला, तशा मुंग्या आणखी वाढल्या. सिस्टर म्हणाल्या, "ताई, हळू श्वास घ्या," आणि कॅल्शियम कमी झालंय का ते बघायला त्यांनी बीपीचा पट्टा दंडावर बांधून हवा भरून तसाच ठेवला. थोड्या वेळात माझं मनगट आपोआप आत वळलं, अंगठा तळव्याकडे ओढला गेला आणि घास भरवायला जुळवावीत तशी बोटं टोकाशी एकत्र आली. सोडवू म्हटलं तरी सुटेनात. ते बघताना पोटात गोळा आला.

रक्तातलं कॅल्शियम ६.९ निघालं. ते साधारण ८.५ ते १०.५ च्या दरम्यान हवं. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून अगदी सावकाश दिलं, छातीला मॉनिटर लावून, कारण ते घाईने गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जळते, म्हणून सिस्टर सारख्या सुईची जागा बघत होत्या. अंगात ऊब पसरली आणि हळूहळू हात मोकळा झाला.

शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. मग हाडं भरलेली असताना मला मुंग्या का याव्यात? एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनी ते न कंटाळता समजावलं. मज्जातंतू सहज पेटू नयेत यासाठी त्यांच्याभोवती पुरेसं मोकळं कॅल्शियम लागतं. ते घटलं की तंतू उगाचच संदेश सोडतात आणि स्नायू आखडतात. भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं. माझ्या मुंग्या तेव्हाच का वाढल्या, ते इथे कळलं. हाडांतून कॅल्शियम काढायचा हुकूम देतो तो पॅराथायरॉईडचा हार्मोन, पीटीएच. माझा पीटीएच जवळजवळ शून्यावर आला होता.

घरी आल्यावर आईने नाचणीची आंबील, तिळाची चटणी, दूध असा सपाटाच लावला. तिची माया मला कळते, आणि नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतंही. पण नुसतं खाऊन भागत नाही. पीटीएच मूत्रपिंडाला सांगतो, मूत्रपिंड ड जीवनसत्त्वाचं कॅल्सिट्रायॉल करतं, आणि कॅल्सिट्रायॉल असेल तरच आतडं कॅल्शियम नीट शोषतं. माझी ही साखळी पहिल्याच कडीपाशी तुटलेली. म्हणूनच दुकानात मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाच्या पुड्या एवढ्याने जमलं नसतं. तयार कॅल्सिट्रायॉलच्या कॅप्सूल घ्याव्या लागल्या. सोबत कॅल्शियम कार्बोनेट, तेही जेवणाबरोबर, कारण त्याला पोटातलं आम्ल लागतं. थायरॉईड काढल्यामुळे घ्यावी लागणारी हार्मोनची गोळी, थायरॉक्सिन, मात्र सकाळी उपाशीपोटी आणि कॅल्शियमपासून किमान चार तास लांब, नाहीतर ते शोषलंच जात नाही. हे वेळापत्रक मी फ्रिजवर चिकटवलं होतं.

रिपोर्टमध्ये कॅल्शियम मधोमध यावं असं मला वाटायचं, डॉक्टर मात्र ते खालच्या मर्यादेजवळच ठेवत. मूत्रपिंड कॅल्शियम राखून धरतं तेही पीटीएचच्या सांगण्यावरून. तो नसताना रक्तात जास्त कॅल्शियम आणलं तर ते लघवीतून वाहून जातं आणि खडे होतात. म्हणून लघवीतलं कॅल्शियमही तपासलं जाई.

वाचताना कळलं, १८५० च्या सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याचं विच्छेदन करताना शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांना ही पॅराथायरॉईड ग्रंथी दिसली. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन १८८० मध्ये स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी केलं. त्या काळी थायरॉईड काढलेल्या काही रोग्यांना आकडी येऊन मृत्यू यायचा आणि कारण सापडत नसे. ते वाचून मी त्या चार ठिपक्यांचा कागद जपून ठेवला.

पुढे पीटीएच हळूहळू वर आला. डॉक्टरांनी डोस टप्प्याटप्प्याने उतरवला, प्रत्येक टप्प्यानंतर रक्त तपासूनच. आता कॅल्सिट्रायॉल बंद आहे, थायरॉक्सिन चालू आहे. माझ्या नणंदेचं हेच ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. आधी ड जीवनसत्त्व तपासून घे, ऑपरेशननंतर कॅल्शियम आणि पीटीएच कधी तपासणार ते विचार, आणि मुंग्या आल्या तर रात्र असली तरी बेल दाब, असं तिला सांगून ठेवलंय.