बूस्टरनंतर शुगर वाढली होती ना?

“तुम्हाला कोविडच्या बूस्टरनंतर शुगरचा त्रास झाला होता ना? मग आम्ही फ्लूची लस घ्यावी की नको?” मुलुंडच्या आमच्या सोसायटीत दर पावसाळ्याच्या तोंडावर कोणीतरी मला हे विचारतंच. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सांगते, कारण लोकांच्या लक्षात राहिलंय ते अर्धंच.

2022 च्या ऑगस्टमधली गोष्ट. 15 जुलैपासून 18 वर्षांवरच्या सगळ्यांना सरकारी केंद्रांवर प्रिकॉशन डोस, म्हणजेच बूस्टर, 75 दिवस मोफत होता. माझे आधीचे दोन्ही कोविशिल्ड, तिसराही तोच. दुपारी डाव्या दंडावर सुई, अर्धा तास बाकावर बसणं, मग रिक्षाने घरी. रात्री साडेदहाला हुडहुडी भरली. ताप 101. दंड असा ठणकत होता की कूस बदलवेना. दोन वाजता घशाला कोरड पडून जाग आली, तोवर चारदा लघवीला उठून झालं होतं. ग्लुकोमीटर काढला. 278! आणि रात्री जेवले होते मुगाच्या खिचडीचे चार घास.

डायबिटीस होऊन तेव्हा 14 वर्षं झाली होती, तरी मी घाबरले आणि लसीला बोल लावला. मागाहून डॉक्टरांनी समजावलं. ताप कशानेही येवो, शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिनसारखी हार्मोन्स सोडतं. मग लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि इन्शुलिनचा जोर कमी पडतो. दाढ सुजली तरी हेच. माझ्या मोठ्या दिरांना 2021 मध्ये खरा कोविड झाला होता. स्टेरॉइडवर त्यांची शुगर 400 च्या वर गेली, घरी आल्यावरही कित्येक आठवडे इन्शुलिन चालू होतं. त्यापुढे माझी एक रात्र काय!

पण सगळे त्या 278 बद्दलच विचारतात. मला आठवतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी अकराचा आकडा.

तोंडाला चव नव्हती. चहा आणि अर्धं बिस्किट, एवढंच पोटात. रात्रीचा आकडा मात्र डोक्यात बसलेला, म्हणून ग्लिमेपिराइडची गोळी न चुकता घेतली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही ते ती बघत नाही. ओट्याशी उभी होते, हात थरथरायला लागले, गाऊन पाठीला चिकटला. मला वाटलं, ताप उतरतोय. तापाचा घाम आणि साखर उतरल्याचा घाम, अंगावर दोन्ही सारखेच लागतात हो. ह्यांनी मला खुर्चीत बसवून जबरदस्तीनेच बोट टोचलं. 58. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले. पंधरा मिनिटांनी 84. मग कुठे मऊ वरणभात गेला.

म्हणून “लस घ्यावी का” याच्या जोडीला डॉक्टरांना आणखी एक गोष्ट विचाराच: त्या दोन दिवसांत जेवण गेलं नाही तर कुठली गोळी थांबवायची? उत्तर प्रत्येकाचं वेगळं असतं. माझी नणंद डापाग्लिफ्लोझिन ही डायबिटीसची गोळी घेते. तिला सांगितलंय की खाणंपिणं बंद असेल त्या दिवशी ती गोळी नको, कारण शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, साठू शकतात. उलट टाइप 1 वाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही त्यांनी, नुसतं जेवण नाही म्हणून बेसल, म्हणजे दिवसभर पुरणारं इन्शुलिन कधीच बंद करायचं नसतं. शेजारणीची गोळी बघून आपली ठरवू नका, एवढं मनापासून सांगते.

मी लस घेतेच. गेल्या जूनमध्ये फ्लूची घेतली. शनिवारी सकाळी, म्हणजे रविवारी घरात माणसं असतात. उशाशी ग्लुकोमीटर, पाण्याची बाटली, पॅरासिटामॉल आणि साखरेची छोटी डबी. ह्यांनी रात्री दोनचा गजर लावला होता. थोडी कणकण होती, शुगर 171. सकाळी पेज पोटात गेल्यावरच गोळीला हात लावला.