अनोळखी एरियात घर भाड्याने घेताना
बदली झाली की सगळे आधी घराचे फोटो बघत बसतात, पण फोटोत पाण्याचा प्रेशर, वरच्या मजल्यावरची धडधड आणि भिंतीतली ओल दिसत नाही ना. जमलं तर आधी थोडे दिवस कुठेतरी तात्पुरतं राहा आणि एरिया पायी फिरा, तेही सकाळी ऑफिसच्या गर्दीत नि रात्री उशिरा, दुपारी काय कुठलीही गल्ली शांतच वाटते. मुलं असतील तर आधी शाळेची ॲडमिशन पक्की करा, मग घर, उलटं केलं की रोजची ओढाताण (आणि ती बहुतेक आईच्याच वाट्याला!). अ‍ॅग्रीमेंटमध्ये डिपॉझिट, नोटीस आणि रिपेअरचा खर्च कोणाचा हे नीट वाचा. चावी मिळाली की सामान लावायच्या आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवून द्या.