बॅटरी जाते कुठे?

मंगळवार, रात्री

पुढचं वाचन ओळखणारं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारं गणिती मॉडेल) बसवलं की निरोप कमी जातात आणि सेन्सरची बॅटरी वाचते, हे खरं. पण आधी हिशेब मांडावा, मग कोडला हात घालावा.

शेतातला लोरा नोड (लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओवरचा सेन्सर) दर १५ मिनिटांनी तापमान पाठवतो, दिवसाला ९६ वेळा. त्यातली एसएक्स१२७६ ही रेडिओ चिप १३ डीबीएम ताकदीवर पाठवताना २९ मिलिअँप खाते. गेटवे, म्हणजे निरोप झेलणारं केंद्र, लांब असलं की एसएफ१२वर (लोराचा सर्वांत संथ वेग) २० बाइटचा निरोप सुमारे १.३ सेकंद हवेत असतो. दिवसाचा खर्च साधारण १ मिलिअँप-तास. एसएफ७ या वेगवान सेटिंगवर तोच निरोप ०.०६ सेकंदात जातो, खर्च ०.०५च्या आत. जवळच्या नोडवर नेटवर्क बसवणं ही नुसती हौस.

त्याहून मोठं भोक रेग्युलेटरचं, म्हणजे बॅटरीचे व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या भागाचं. तयार बोर्डावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर स्वतःच ५ मिलिअँपच्या आसपास पितो, म्हणजे दिवसाला १२०! २६०० मिलिअँप-तासांचा सेल तीन आठवड्यांत आडवा. तो बदलून मायक्रोअँपवर भागणारा लावावा, पॉवरचा एलईडीही उपटावा.

आता नेटवर्क. मागची १२ वाचनं आत, मध्ये ८ न्यूरॉन (छोटी गणिती केंद्रं), बाहेर एक उत्तर: पुढच्या वाचनाचा अंदाज. शिकलेले सगळे मिळून ११३ आकडे. तेच मॉडेल नोडवर आणि गेटवेवर. अंदाज अर्ध्या अंशाच्या आत बरोबर आला तर नोड गप्प बसतो आणि गेटवे अंदाजच लिहून घेतो.

फसतं ते इतिहासात. निरोप गेला नाही तर नोडनेही अंदाजच साठवायचा, खरं वाचन नाही. नाहीतर दोन्ही मॉडेलं हळूहळू वेगळ्या वाटेला लागतात. हरवलेल्या निरोपानेही तेच होतं. म्हणून दर सहा तासांनी इतिहासातले बाराही आकडे पाठवावेत, २४ बाइट. नोड गप्प आहे की मेलाय, तेही त्यातून कळतं. गणित दोन्हीकडे एकाच पूर्णांकी कोडने करावं. इकडे दशांश, तिकडे ८ बिटांचे पूर्णांक केले की फरक साचत जातो.

अर्ध्या अंशाची ही मर्यादा फार आवळू नये. डीएचटी२२ या तापमान सेन्सरचं वाचन जागच्या जागीच ०.२ अंशाने हलतं, मर्यादा ०.१ ठेवली तर नोड दिवसभर बडबडत राहील.

‘मागचंच वाचन पुन्हा’ हा बिनडोक अंदाज आधी लावून पाहावा. जमिनीच्या ओलाव्याला बहुधा तोच पुरतो. ठिबक सुरू झालं की नेटवर्क आणि हा अंदाज दोन्ही चुकतात, आणि चुकल्यामुळेच निरोप जातो. तेच तर हवं.

एक राहिलं: झोपेतला प्रवाह मोजताना मल्टिमीटर मायक्रोअँपवर ठेवून रेडिओ जागा होऊ देऊ नये. मीटरमध्येच व्होल्ट पडतात, नोड रीसेट होतो आणि दोष उगाच कोडवर येतो.