तीन टेबलं, एकच फुटेज: सामायिक स्टोरेजची प्रगती-नोंद

सध्याची स्थिती: तीन एडिटरांना एकाच फुटेजवर काम करता यावं म्हणून घेतलेला सर्व्हर उभा आहे, आठ डिस्कचा पूल (सगळ्या मिळून एकच साठा) बांधून झालाय, दोन मॅक आणि एक विंडोज मशीन १० गिगाबिटवर आहेत, दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरचा सामायिक डेटाबेस चालू आहे. बॅकअप अर्धवट. सगळ्यात जास्त वेळ डिस्कची मांडणी ठरवण्यात आणि फाइलचे पाथ जुळवण्यात गेला, म्हणून नोंदही त्यांचीच मोठी आहे.

आधी हिशेब

मटेरियल यूएचडी, सेकंदाला २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये. अॅपलच्या तक्त्याप्रमाणे याच्या एका स्ट्रीमला ७३७ मेगाबिट प्रतिसेकंद लागतात, म्हणजे साधारण ९२ मेगाबाइट. गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्ष हाती लागतात ११० ते ११५ मेगाबाइट. एक क्लिप कशीबशी चालते, पण पहिला डिझॉल्व्ह (एक शॉट दुसऱ्यात विरघळणं) आला की दोन स्ट्रीम लागतात आणि फ्रेम ड्रॉप होतात. तिघांनी प्रत्येकी दोन स्ट्रीम धरले तर ५५२ मेगाबाइट. १० गिगाबिटमध्ये हे आरामात बसतं. मात्र तिघांनी एकाच वेळी चार कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम उघडलं तर आकडा ११०४ वर जातो आणि १० गिगाबिटही काठोकाठ भरतं. म्हणून मल्टिकॅमसाठी १०८० प्रोरेस प्रॉक्सी (फुटेजची हलकी प्रत) हा नियमच केला आहे: ३८ मेगाबिटचा एक, असे बारा स्ट्रीम मिळून ५७ मेगाबाइट. मूळ फुटेजवर फक्त ग्रेडिंग आणि शेवटचा रेंडर.

डिस्क

१२ टेराबाइटच्या आठ डिस्क, सगळ्या सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणाऱ्या). ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या एसएमआर डिस्क या कामाला चालत नाहीत. नव्या असताना त्या ठीक वाटतात. एखादी डिस्क बदलून पूल पुन्हा भरायची वेळ आली की लिहिण्याचा वेग कोसळतो आणि जे काम एका दिवसाचं ते कित्येक दिवस रेंगाळतं.

झेडएफएस या फाइल सिस्टमवर आठ डिस्कचा एकच रेडझेड२ (कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी टिकणारा गट) केला तर ७२ टेराबाइट मिळतात, दोन-दोनच्या चार मिरर जोड्या (जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा) केल्या तर ४८. कागदावर रेडझेड२ सरस दिसतो, आणि एकच जण एकच मोठी फाइल वाचत असेल तर वेगातही तो कमी नाही. अडचण तिघं एकदम स्क्रब करायला (टाइमलाइनवर भराभर मागे-पुढे सरकायला) लागल्यावर येते. ७२०० आरपीएमच्या डिस्कला अर्धा फेरा व्हायलाच ४.१७ मिलिसेकंद लागतात, वर हेड हलायचा वेळ. सेकंदाला शंभरेक उड्या म्हणजे खूप झाल्या. रेडझेडमध्ये प्रत्येक ब्लॉक सगळ्या डिस्कवर पसरलेला असल्यामुळे एका वाचनासाठी जवळपास सगळी हेड हलतात, आणि उड्यांच्या बाबतीत पूर्ण गट एका डिस्कइतकाच चपळ राहतो. मिररमध्ये आठही हेड वेगवेगळ्या विनंत्यांना धावू शकतात. २४ टेराबाइट सोडून मिरर घेतले आणि त्याचं जराही वाईट वाटत नाही.

मिररची जोखीमही लक्षात घ्या: एकाच जोडीतल्या दोन्ही डिस्क गेल्या तर अख्खा पूल जातो. त्यामुळे प्रत्येक जोडीतल्या डिस्क वेगवेगळ्या बॅचच्या आहेत आणि एक तपासलेली जादा डिस्क बाजूला ठेवली आहे. पूल ८० टक्क्यांवर भरू द्यायचा नाही; पुढे मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत उरते आणि लिहिणं मंदावतं.

डिस्क एलएसआय ९३००-८आय कार्डावर आहेत, आयटी मोडमध्ये, म्हणजे कार्ड स्वतः रेड करत नाही आणि झेडएफएसला डिस्क थेट दिसतात. हे कार्ड सर्व्हरमधल्या जोरदार हवेच्या हिशेबाने बनवलेलं आहे. साध्या कॅबिनेटमध्ये हीटसिंकवर छोटा पंखा बांधलाच पाहिजे, नाहीतर तापून डिस्क अधूनमधून गायब होतात आणि दोष केबलला दिला जातो.

फुटेजच्या डेटासेटला (पुलातला स्वतंत्र सेटिंगचा भाग) रेकॉर्डसाइझ, म्हणजे ब्लॉकचा कमाल आकार, १ मेगाबाइट (मूळ सेटिंग १२८ किलोबाइट), कॉम्प्रेशन एलझेड४, एटाइम (फाइल शेवटची कधी वाचली याची नोंद) बंद. रेकॉर्डसाइझ नंतर बदलला तर तो नव्या फाइलींनाच लागू होतो, म्हणून कॉपी सुरू करण्याआधीच ठरवा. डिस्क स्पिन-डाउन पूर्ण बंद. झोपलेली डिस्क जागी होईपर्यंत टाइमलाइन गोठून बसते.

नेटवर्क

चार एसएफपी+ (१० गिगाबिटचे) पोर्ट आणि एक गिगाबिट पोर्ट असलेला स्विच या मांडणीला नेमका पुरतो: एक सर्व्हर, तीन मशीन, आणि पाचवा पोर्ट राउटरकडे. जिथे अंतर दोन-तीन मीटर आहे तिथे डॅक केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडलेली तयार तांब्याची केबल); स्वस्त, थंड आणि बिनतक्रार. मॅक स्टुडिओत १० गिगाबिट आरजे-४५ मुळातच असतं, त्यासाठी स्विचमध्ये तांब्याचं मॉड्यूल लागतं. ही मॉड्यूल चांगलीच तापतात. शेजारच्या पोर्टांत दोन लावू नका, मध्ये एक डॅक येऊ द्या.

विंडोज मशीनमध्ये एक्स५२० नेटवर्क कार्ड. स्लॉट नीट बघून निवडा: लांबीने मोठा असलेला स्लॉट आतून एकाच लेनचा असू शकतो. हे कार्ड पीसीआयई २.० चं असल्यामुळे एका लेनवर ५०० मेगाबाइटच्या पुढे जात नाही, स्लॉट कितीही नवा असो. चार लेन मिळाल्या की प्रश्न मिटतो.

जंबो फ्रेम (नेटवर्कवरची मोठी पाकिटं) लावून पाहिल्या आणि काढल्या. १५०० एमटीयूवर (पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) आयपरफ३ या वेग मोजणाऱ्या साधनात ९.४ गिगाबिट दिसायला हवेत, ९००० वर ९.९. एवढ्याशा फायद्यासाठी प्रत्येक मशीन, स्विच आणि सर्व्हरवर एकच आकडा सांभाळत बसावं लागतं. एक जरी चुकला तर लक्षण फसवं असतं: फोल्डरची यादी झटकन दिसते, पण मोठी फाइल उघडली की सगळं अडकतं.

स्टोरेजसाठी वेगळा सबनेट (नेटवर्कचा स्वतंत्र भाग) आहे आणि शेअर (सर्व्हरवरचा सामायिक फोल्डर) नावाने न जोडता त्या सबनेटमधल्या आयपीने जोडला आहे. मशीनला वायफाय किंवा दुसरं गिगाबिट कार्ड असेल तर नावाने जोडलेला शेअर गुपचूप तिकडून जाऊ शकतो. कॉपी बरोबर ११० मेगाबाइटवर थांबत असेल तर आधी हेच तपासा.

वेग मोजताना

शून्यांनी भरलेली टेस्ट फाइल एलझेड४ जवळपास नाहीशी करतो, म्हणून आकडा अवाच्या सवा येतो. ब्लॅकमॅजिक डिस्क स्पीड टेस्टची फाइल जास्तीत जास्त ५ गिगाबाइटची. ती सर्व्हरच्या रॅममधूनच वाचली जाते, डिस्कपर्यंत पोचतच नाही. खरी चाचणी एकच: रॅमपेक्षा मोठं खरं फुटेज, तीनही मशीनवर वेगवेगळ्या टाइमलाइन, एकाच वेळी प्ले आणि स्क्रब, आणि त्याच वेळी चौथ्या मशीनवरून कॅमेऱ्याच्या कार्डाची कॉपी. यात फ्रेम ड्रॉप झाली नाही तरच मांडणी पास.

पाथ आणि प्रोजेक्ट

मॅकवर शेअर व्हॉल्यूम्सखाली दिसतो, विंडोजवर ड्राइव्हच्या अक्षराने. रिझॉल्व्हच्या मीडिया स्टोरेज सेटिंगमध्ये मॅप्ड माउंटचा रकाना याचसाठी आहे. तिथे दुसऱ्या प्रणालीतला पाथ भरला की क्लिप दोन्हीकडे ऑनलाइन राहतात. मॅकवर आणखी एक खोड: कनेक्शन तुटून शेअर पुन्हा जोडला गेला आणि जुनं नाव अडकून राहिलं, तर नव्या माउंटच्या नावामागे -१ लागतो आणि अख्खी टाइमलाइन लाल होते. रीलिंक अजिबात करू नका. रीलिंक केलं तर चुकीचा पाथ सामायिक प्रोजेक्टमध्ये बसतो आणि बाकी दोघांचं मीडिया ऑफलाइन होतं. शेअर काढून पुन्हा जोडा, क्लिप आपोआप परततात.

फुटेज डेटासेट एडिटरांना फक्त वाचायला; लिहायचा हक्क इन्जेस्टच्या (कार्डावरचं फुटेज आत घेणाऱ्या) खात्यालाच. कॅश प्रत्येकाच्या मशीनमधल्या एनव्हीएमई एसएसडीवर, सर्व्हरवर नाही. फाइलींच्या नावात कोलन, प्रश्नचिन्ह नको. विंडोजला ती चालत नाहीत.

प्रोजेक्ट फाइलींच्या रूपात शेअरवर नाहीत, प्रोजेक्ट सर्व्हरच्या पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसमध्ये आहेत, एसएसडीवर. बिन (क्लिपचे फोल्डर) आणि टाइमलाइनचं लॉकिंग तिथूनच चालतं. तीनही मशीनवर रिझॉल्व्हची आवृत्ती एकच हवी. एकाने अपडेट करून प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत नेला तर जुन्या आवृत्तीवाल्यांना तो उघडत नाही.

उरलेलं काम

फुटेजचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) रोज रात्री निघतो आणि दोन आठवडे राहतो. फुटेज पुसलं तरी तोवर जागा मोकळी होत नाही, हे पूल भरत आल्यावर आठवायला हवं. झेडएफएसचा स्क्रब (सगळा डेटा वाचून चुका शोधणं; टाइमलाइनवरचा नव्हे) महिन्यातून एकदा लावला आहे. पण हे सगळं एकाच खोक्यात आहे. दुसऱ्या जागेच्या मशीनवर रेप्लिकेशन (डेटाची प्रत आपोआप पाठवणं) लावायचंय, आणि त्याआधी डेटाबेसचा बॅकअप एका कोऱ्या मशीनवर उतरवून त्यातला प्रोजेक्ट खरोखर उघडतो का ते पाहायचंय. ते होईपर्यंत कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करायची नाहीत.